डोळा वर

अप्पांनी काचेवर बोट टेकवलं आणि विचारलं, "अन् हे? हे तरी उपटायचे न्हाईत ना मासे?"

राधेश्यामने जोरजोरात मान हलवली. जालन्याच्या बाजारात माशांचं दुकान चालवताना त्याने नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती. पण धोतर नेसून, माळ घालून, पाण्यातल्या रोपांपुढे ठाण मांडून बसलेला म्हातारा पहिलाच.

"काका, ते तर बिलकुल नको. इतकी नाजूक पानं म्हणजे तुमच्या माशांना कोथिंबीर. सकाळी लावाल, संध्याकाळी नुसते देठ राहतील."

"मागच्या बारीला तुमीच दिल्तं की. लांब पातीचं, गवतावानी."

"तेव्हा तुम्ही कुठं सांगितलं, मासे सिक्लिड आहेत म्हणून? ही भांडकुदळ जात. वाळू उकरल्याशिवाय यांना चैनच पडत नाही."

ते अप्पांना आता पाठ झालं होतं. त्यांचं नाव मच्छिंद्र, पण घर माळकरी. ताटात कधी मासा आला नाही आणि उतारवयात आला तो थेट झोपायच्या खोलीत. मुलाने, सोमेश्वरने, काळ्या पट्ट्यांची ती जोडी आणून आईच्या पलंगासमोर ठेवली होती. पडल्या पडल्या तिला काही बघायला हवं, म्हणून.

अप्पांची बायको नंदाबाई वडीगोद्रीच्या त्यांच्या मोसंबीच्या नर्सरीत ओल्या मातीवरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, हाडही जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता चालायचं. आता जर पडून राहिल्या तर कायमच्याच पडून राहतील. पण नंदाबाईंच्या मनात भीती बसली होती. सोमेश्वर रागावला, सून सुरेखा पाया पडली, व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी नाना परीने समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. पलंगालगतच्या कोपऱ्यातल्या वॉकरवर सुरेखा टॉवेल वाळत घालू लागली होती.

मासे आल्यावर मात्र नंदाबाई भिंतीकडची मान वळवून टाकीकडे बघायला लागल्या. तेवढ्यानेच घर हरखलं. मग अप्पांनी हौसेने ती पाती लावली आणि दुसऱ्या दिवशी सगळी उपटून पाण्यावर तरंगत होती. नंदाबाईंनी बराच वेळ पाहिलं.

"एकदा मूळ सुटलं का सुटलंच," त्या म्हणाल्या. "पुन्हा लावून काय फायदा." आणि तोंड भिंतीकडे केलं.

बायकोच्या तोंडून आजवर अप्पांनी पुष्कळ ऐकलं होतं, पण असं काही ऐकलं नव्हतं. त्या वाक्याने ते मनातून हादरले होते.

राधेश्यामने खालच्या टाकीत हात घालून एक ठेंगणं, गडद हिरवं रोप बाहेर काढलं. "हे घ्या. अनुबियास. पान चामड्यासारखं जाड. मासे तोंड लावतील आणि सोडून देतील. फक्त एक ध्यानात ठेवा. हा आडवा गड्डा दिसतो ना, ज्यातून मुळं फुटलीत, तो वाळूत गाडायचा नाही. सडतो. भारी दगडाला दोऱ्याने बांधून ठेवा, मग उकरू द्या त्यांना काय उकरायचं ते."

अप्पांनी रोप हातात घेतलं. अंगठ्याने गड्डा चाचपला, मुळं उलटीपालटी करून पाहिली.

"गाडला तर?"

"तर गेलं समजा."

"अन् गाडून जल्दी काढला तर?"

"लगेच काढला तर काय होतंय? पण काका, बांधा म्हणून सांगतोय तर गाडायचा कशाला?"

"बराबर हाय," अप्पा म्हणाले. "द्या पिशवीत बांधून."

पाण्याने फुगलेली पिशवी मांडीवर धरून ते बसने वडीगोद्रीला आले. अंबडला शेजारी बसलेल्या माणसाने विचारलं, भाजी कोणती हो ही? अप्पांनी 'औषध हाय' म्हणून सांगितलं.

घरी आल्यावर ते आधी मागच्या नळावर गेले. तिथे बराच वेळ पाणी वाजत होतं. मग रोप घेऊन खोलीत आले, टाकीशी थोडी खुडबूड केली आणि पलंगाकडे पाठ करून बाही वर सारली.

पाण्याचा आवाज ऐकून नंदाबाईंनी मान वळवली. अप्पांनी वाळूत चांगला खड्डा केला, रोप गड्ड्यासकट त्यात दाबलं, वरून वाळू ओढली आणि बोटांनी ठोकून पक्की केली.

"अहो."

अप्पा दाबतच राहिले.

"अहो, काय करून राह्यले? डोळा गाडला तुमी त्याचा!"

मोसंबीच्या कलमाचा हा पहिला धडा. खुंटावर जिथे चांगल्या झाडाचा डोळा, म्हणजे कोंब, भरलेला असतो, ती जागा लागवडीत मातीच्या वर राहिली पाहिजे. मातीत गेली की डिंक्या रोग लागतो आणि झाड जातं. नर्सरीतून रोप घेऊन निघालेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला नंदाबाई पार फाटकापर्यंत ओरडून सांगायच्या, "डोळा वर ठेवा बरं!" लेक सासरी निघाल्यासारखी काळजी.

"मोसंबी हाय का ती?" अप्पा टाकीतच बघत म्हणाले. "दुकानदारानं सांगितलं, गाडा म्हनून."

"त्याला काय कळतंय? गड्डा पाहा की त्याचा. सडंल ते. काढा."

"अन् मासे उपटतील मंग."

"काढा म्हन्ते ना!"

"पाहू उद्या." अप्पांनी आणखी मूठभर वाळू वर ओढली.

"सुरेखाऽ!"

सुरेखा पिठाच्या हातांनी दारात आली. अप्पांनी मागे न बघता दुसरा हात वर केला आणि तिला तिथेच थांबवलं. सासूकडे बघावं की सासऱ्यांकडे, हे तिला कळेना. ती चौकट धरून उभी राहिली.

"सगळेच बहिरे झाले घरातले," नंदाबाई म्हणाल्या.

पलंग करकरला. मग वॉकर ओढल्याचा आवाज, टॉवेल पडल्याचा आवाज. अप्पांचा हात पाण्यातच थांबला होता. वॉकरचे पाय फरशीवर टेकले आणि बराच वेळ पुढे काहीच ऐकू येईना. वळून तिला धरावं असं अप्पांना फार वाटलं. ते वळले नाहीत. जीव मुठीत धरून काचेतल्या माशाकडे बघत राहिले, आणि मासा त्यांच्याकडे.

वॉकर पुन्हा वाजला. आणखी एकदा, जरा जवळ.

"सरका," नंदाबाई अगदी कानाशी म्हणाल्या.

अप्पा सरकले. नंदाबाईंनी एका हाताने वॉकर धरला, दुसरा कोपरापर्यंत पाण्यात घातला आणि रोप अलगद सोडवलं. तेवढ्यात नर धावून आला आणि त्यांच्या बोटाला डसला.

"मुडद्या! तुझंच घर लावून राह्यले ना मी!"

त्यांनी पाण्यात फटका मारला. मासा कोपऱ्यात पळाला. धाप लागली होती, पण थांबायला त्यांना सवड नव्हती.

"दगड पाहा एखादा. याला बांधूनच ठिवावं लागंल."

अप्पांनी टाकीमागे हात घातला आणि दगड पुढे केला.

"अन् दोरा."

दोरा सदऱ्याच्या खिशातून निघाला.

नंदाबाईंनी वॉकरवर कोपरं टेकली, गड्डा दगडावर ठेवला, मुळांवरून वेढे दिले. कलम बांधून बांधून तयार झालेली बोटं. गाठ आपोआप बसली. दोऱ्याचं टोक ओढता ओढता त्या थांबल्या. दगड घासून स्वच्छ केलेला होता. अजून ओला होता. दोराही नेमका लागेल तेवढाच तोडलेला.

त्यांनी मान वर केली. जन्मभर मोसंबीचे डोळे भरत आलेला माणूस समोर उभा होता, आणि छताकडे बघत होता.

"दगड कवा धुतला?"

"कोन्ता?" अप्पा म्हणाले.

नंदाबाईंनी दगड पाण्यात सोडला. नर आला, रोपाला धडक मारली, पान चावून पाहिलं, थुंकलं आणि निघून गेला. रोप जागच्या जागी होतं. अप्पांनी केवढा तरी श्वास सोडला. दारातली सुरेखा पडलेले टॉवेल गोळा करत होती, आणि आता ते कुठे वाळत घालायचे हे तिला सुचत नव्हतं.

"आत्या, बसा आता," ती म्हणाली. "चहा आनते."

"तू राहू दे. पिठाचे हात हायेत तुझे."

नंदाबाईंनी वॉकर हळूहळू दाराकडे वळवला. अप्पा मागून हात पुढे करून चालू लागले, न शिवता. उंबऱ्याशी त्या टेकल्या, दम घेतला.

"अहो," त्या मागे न बघता म्हणाल्या. "उद्या जालन्याहून अजून एक रोप आना."

"कशाला?"

"तुमाला चुकायला."