सहावं आलं की पहिलं जातं

मी एक जुना स्लायडर आहे. वेबसाइटवर चित्रं आपोआप सरकत राहतात ना, तोच मी. मित्रांनो, माझ्या जन्माला कोडची एक ओळही लागली नाही. वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या एका कारागिराच्या मुलीने, नोकरीसाठी दूर जाण्याआधी, त्याच्या दुकानाच्या वेबसाइटवर मला एका दुपारात घडवलं. माउसने चौकोन ओढले, मला एका ऑनलाइन तक्त्याशी, म्हणजे स्प्रेडशीटशी, जोडलं आणि नियम घातला, ताजी पाच चित्रंच, खालच्या ओळींसकट, दाखवायची. सहावं आलं की पहिलं जातं.

"बाबा, खुर्ची झाली की फोटो टाकायचा आणि या रकान्यात लिहायचं. लिहिलंत की मला तिकडे लगेच दिसेल," ती म्हणाली.

बाबांनी शब्द न् शब्द खरा मानला. त्यांना वाटलं, हा रकाना म्हणजे लेकीला पत्र लिहायची सोय.

सुरुवातीला ती मला रोज उघडायची, मैत्रिणींना दाखवायची. मी अगदी फुशारून जायचो. मग तिचं काम वाढलं आणि मी मागे पडलो. बाबा मात्र लिहीत राहिले. "आरामखुर्ची. पाठ नवी विणली. वेळेवर जेवतेस ना?" "दोन स्टुलं. गुडघा कुरकुरतोय, पण काळजी नको." "तुझी लहानपणीची खुर्ची सापडली. विणून ठेवलीय. कधी येतेस?"

हे सगळं मी फिरवत राहिलो. बघायला चिटपाखरूही नव्हतं. नवी खुर्ची आली की त्यांचं एक जुनं वाक्य मीच बाहेर ढकलायचो, आणि मला फार वाईट वाटायचं. "कधी येतेस?" सरकत सरकत शेवटच्या जागी आलं. आणखी एक खुर्ची, की तेही जाणार होतं.

तेवढ्यात एक शिक्षिका वेबसाइटवरून पत्ता काढत मोडकी खुर्ची घेऊन दुकानात आल्या. "काका, लेकीला लिहिलेलं अख्ख्या गावाला दिसतंय की!"

बाबा ओशाळले. "गावाला दिसतं, मग तिलाच कसं दिसत नाही?"

त्या खुर्चीचा फोटो त्यांनी टाकलाच नाही. शिक्षिकाबाईंनी मात्र घरी जाऊन वेबसाइटच्या तळाशी असलेला मुलीचा नंबर फिरवला.

त्याच दिवशी तिने तिकडूनच मला फोनवर उघडलं. चित्रावर बोट ठेवलं की मी थांबतो, मला तिनेच तसं घडवलंय. तिने "कधी येतेस?"वर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललंच नाही. मग तक्ता उघडला. मी गाळलेल्या ओळी तिथे तशाच होत्या. सगळ्या वाचून काढल्या.

आठवड्याने नवं चित्र आलं. छोट्या खुर्चीत गुडघे हनुवटीला टेकवून बसलेली मोठी मुलगी. खाली बाबांचा एकच शब्द, "आली." नियमाप्रमाणे "कधी येतेस?" गेलं. त्या दिवशी पहिल्यांदाच मला ढकलताना वाईट वाटलं नाही.

आता ती बाबांना रोज फोन करते, त्यामुळे माझ्याकडे कुणी फिरकत नाही. गरज सरो, वैद्य मरो! तीच पाच चित्रं फिरवत मी एकटाच असतो. मित्रांनो, माझं राहू द्या. पण आपल्या माणसासाठी काही बनवून दिलंत, तर अधूनमधून उघडून बघत जा. आत कुणीतरी तुम्हाला काहीतरी विचारून बसलेलं असतं.