लेकुरवाळ्यांचं तूप

"हात वर!" विभामाता गरजल्या आणि श्यामलाच्या दिवाणखान्यातल्या साऱ्या बायकांचे तळवे एकदम वर गेले.

शुक्रवारची सकाळ. सौदीतल्या अल-खोबरमधल्या त्या फ्लॅटचे पडदे ओढलेले, चपला दाराबाहेर न ठेवता आत आणून रचलेल्या, घंटेच्या लोलकाला रुमाल गुंडाळलेला. परक्या मुलखात देव पूजायचा तर असा दबकत पूजायचा, हे सगळ्यांना पाठ होतं. त्या दबकण्याच्या आडून आणखी काय काय खपवलं जातं, हे विचारायचं मात्र कुणाच्या डोक्यात येत नव्हतं. एकीचा नवरा धाहरानला तेल कंपनीत इंजिनिअर, दुसरीचा बँकेत. घरटी दोन-दोन डिग्र्या. आणि या बाया स्वतःचे तळवे असे न्याहाळत होत्या, जणू दहावीचा निकाल त्यांच्यावर छापून आलाय.

सगळ्यांचे तळवे कोरे होते. अवंतीचे सोडून.

अवंतीचे दोन्ही तळवे मनगटापर्यंत तांबूस तपकिरी झाले होते. बोटांच्या बेचक्यांत आणि रेषांत तर रंग काळपट साचला होता. काल संध्याकाळी याच खोलीत, एकाच पातेल्यातल्या पाण्यासारख्या नितळ तीर्थात सगळ्या जणींनी हात बुडवले होते. 'रात्रभर साबण-पाणी वर्ज्य, सकाळी देवी निकाल देईल,' असं विभामातांनी बजावलं होतं. निकाल लागला.

"बघा, बघा!" विभामातांचा आवाज चढला. रास तनुराहून खास गाडीने आलेली ही बाई. कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि गळ्यात माळांचं दुकान. "ज्या हातानं लेकराला नजर लावली, तोच हात देवीनं रंगवला! इथं वकील नाही, तारीख नाही, अपील नाही!"

"याच हातांनी माझ्या शर्विलला रोज भात भरवायची हो ही!" श्यामलानं डोळ्याला पदर लावला. तिचा चार वर्षांचा शर्विल महिनाभर खोकत होता, आणि महिनाभर ती कुणावर तरी खापर फोडायला टपली होती.

"वहिनी, मी कशाला नजर लावीन त्याला?" अवंती पुटपुटली.

"मूल नाही ना तुला," मागून कुणीतरी म्हणालं. "मन जातंच गं."

दारात अवंतीचा नवरा रूपेश उभा होता. बायकोकडे न बघता तो म्हणाला, "रविवारचं तिकीट बघतो. आई म्हणतेय, कायमचंच पाठव. तिचा इकामा रद्द करून टाकतो, इथं राहायचा परवानाच खलास."

सहा वर्षांचा संसार त्यानं एका दमात मोडीत काढला. तोही कुणाच्या सांगण्यावरून? पातेल्याच्या!

सुनेत्रा नेमकी तेव्हाच आत आली. खालच्या मजल्यावर राहणारी, दोन मुलांची आई, बायकांच्या सलूनची मॅनेजर आणि तोंडानं फटकळ. गुरुवारी संध्याकाळी सलूनला श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून कालचा सोहळा तिचा हुकला होता. तिनं अवंतीचे हात पाहिले आणि जागीच थांबली.

हा रंग ती रोज बघत होती. तिच्या सलूनमध्ये इथल्या पोरी लग्नाआधी सावळं-सोनेरी होण्यासाठी येतात. हो, सावळं होण्यासाठी! आपल्याकडच्या बाया गोरं व्हायला चेहरा खरवडतात आणि इथं शेजारच्याच खुर्चीत दुसरी काळवंडायला पैसे मोजते. फवारायचं औषध पाण्यासारखं नितळ असतं. रंग चढतो तो काही तासांनी. आणि दुसऱ्या दिवशी सलूनचा फोन खणखणतो. "माझे तळवे नारिंगी झाले!" "बोटांच्या मध्ये डाग पडलेत!" या सगळ्या तक्रारी शेवटी सुनेत्राच्याच पदरात येऊन पडत.

तिनं सरळ अवंतीचा हात धरून हुंगला.

"अगं बाई, हात काय हुंगतेयस?"

"करपलेल्या बिस्किटाचा वास येतोय."

"पापाचा वास आहे तो," विभामाता म्हणाल्या.

"पाप काय बेकरीत भाजतात का हो, विभाबाई?"

'माता' गळून 'बाई' झाल्याबरोबर खोलीत कुजबूज उठली. तेवढ्यात अवंती हात खाजवू लागली. मनगटाशी बारीक पुरळ उठलं होतं. "ताई, जळतंय गं."

"जळू दे!" विभामाता हरखल्या. "जळतंय म्हणजे दोष निघतोय. जितकी आग जास्त, तितका दोष जुना. आज संध्याकाळी शांती करू. हातातल्या सोन्याच्या बांगड्या याच तीर्थात सोडायच्या. आठ दिवसांत डाग उतरेल, हा माझा शब्द. तोवर पातेलं देवापुढे झाकून ठेवा. कालचंच तीर्थ, देवीचा हात लागलेलं. कुणी शिवायचं नाही!"

सुनेत्राच्या मस्तकात तिडीक गेली. हेच वाक्य! तिच्या सलूनमधल्या एका मुलीनं मान जळतेय म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला 'गुण येतोय, सहन करा' असं सांगितलं होतं. तासाभरात त्या बाईची मान सुजली होती. तेव्हापासून सुनेत्राचा नियम होता. कुणी जळतंय म्हटलं की आधी पाणी, मग डॉक्टर, मग बाकीची बडबड.

तिनं अवंतीला बेसिनपाशी ओढलं आणि गार पाण्याखाली तिचे हात धरले. "तीर्थ धुतलंस!" श्यामला किंचाळली.

"विष होतं, धुतलं. यल्ला, चल अवंती, गाडीत बस."

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरनं हात बघताच विचारलं, "रंग चढवणारं सेल्फ-टॅन कुठलं लावलंत? त्यातल्या कशाची तरी ॲलर्जी आली आहे." देवी नाही, दोष नाही. मलम आणि पट्टी.

परतताना सुनेत्राच्या डोक्यात मात्र एक खडा अडकला होता. "पातेलं एकच होतं ना? नीट आठव."

"एकच. सगळ्यांनी माझ्यासमोर हात बुडवले."

"मग त्यांचे का नाही रंगले? पहिल्यापासून सांग, काय काय केलं."

"काही नाही गं. आधी मंत्र म्हटले, मग मंतरलेलं तूप तळव्यांना चोळलं, मनगटापर्यंत. मग तीर्थ."

"तू पण चोळलंस?"

अवंती खिडकीबाहेर बघू लागली. "ते लेकुरवाळ्यांनाच द्यायचं असतं ना, ताई. मला सवय आहे. ओटीच्या वेळीसुद्धा मी मागेच बसते."

सुनेत्रानं गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर हात आपटला. फवारणीआधी गिऱ्हाइकाच्या तळव्यांना ती स्वतः जाड क्रीम चोळून घेत असे. का? तिथं रंग धरू नये म्हणून! ओशट थराखाली औषध पोचतच नाही. त्या बाईला वेगळं पातेलं लागलं नाही, हातचलाखी लागली नाही. तूप कुणाला द्यायचं नाही, हे आपल्याच रूढीनं आधी ठरवून ठेवलं होतं.

संध्याकाळी शांतीला पुन्हा तोबा गर्दी झाली. पट्ट्या बांधलेली अवंती कोपऱ्यात बसली होती. विभामातांनी पातेल्यावरचं झाकण काढलं, तशी सुनेत्रा थेट स्वयंपाकघरात गेली आणि श्यामलाचा तुपाचा डबा घेऊन आली. सगळ्यांसमोर तिनं डाव्या हाताला तूप चोपडलं, उजवा कोराच ठेवला आणि दोन्ही हात तीर्थात बुडवले.

"देवीची परीक्षा घेतेस?" विभामाता उसळल्या.

"काल तुम्ही अवंतीची घेतलीत. आज तुमची पाळी. सकाळी बघू."

"हे तीर्थ आता परीक्षेचं नाही, शांतीचं आहे!"

"सकाळी तर म्हणालात, कालचंच तीर्थ, देवीचा हात लागलेलं. दुपारी देवीची ड्युटी बदलली का?"

कुणीतरी फिसकन हसलं. श्यामला मात्र चवताळून पुढे आली. "थांबा, मीपण बुडवते. डाव्याला तूप, उजवा कोरा. शर्विलची आई आहे मी, मला काय होतंय!"

"नको, श्यामला," विभामातांच्या तोंडून निसटलं.

"आधी कोपरापाशी एक थेंब लावून बघू या, वहिनी," सुनेत्रा म्हणाली. "आग झाली तर..."

"आग पाप्यांची होते!" श्यामलानं हात बुडवलेसुद्धा.

"विभाबाई, तुम्हीही या की."

विभामातांनी हात पदराखाली घेतले. "मी माध्यम आहे. माध्यमाची परीक्षा नसते."

शनिवारी सकाळी सुनेत्रा म्हणाली, "हात वर," आणि आपले दोन्ही तळवे सर्वांसमोर धरले. डावा होता तसा, उजवा तपकिरी. श्यामलाचे हात पदराआड होते. शेजारणीनं पदर बाजूला केला. डावा स्वच्छ, आणि उजवा अवंतीच्या हातासारखा, बेचक्यांत काळपट.

बायका दोघींचे हात जवळून बघायला पुढे सरकल्या.

"दोष पसरलाय!" विभामाता ओरडल्या. "त्या वांझेच्या सावलीनं..."

"पसरला तर डाव्या हातावर का नाही पसरला?" सुनेत्राचा आवाज त्यांच्या वर चढला. "तुमच्या दोषाला तूप चालत नाही वाटतं? ऐका गं सगळ्या जणी. हे रंगायचं औषध आहे. माझ्या सलूनमध्ये बाया हौसेनं फवारून घेतात. वरच्या मेलेल्या कातडीत रंग चढतो, आणि ती कातडी झडली की आठवड्याभरात आपसूक उतरतो. म्हणून यांचा आठ दिवसांचा शब्द खरा होतो, आणि तुमच्या बांगड्या जातात!"

श्यामलानं रंगलेला तळवा पुन्हा उलटसुलट करून पाहिला. "म्हणजे मी नाही ना लावली माझ्या लेकराला नजर?"

"तुम्ही काही केलं नाहीत, वहिनी. अवंतीनंही नाही. शर्विलच्या छातीत इथली धूळ गेली असेल, छातीच्या डॉक्टरला दाखवा."

विभामाता पिशवी भरू लागल्या. "बाहेर ब्र काढलात तर सगळ्याच अडकाल, सांगून ठेवते!"

"बाहेर कशाला? इथंच बोलतो की," सुनेत्रानं सर्रकन पडदा ओढून उघडला. उन्हाचा लोट त्या पातेल्यावर येऊन पडला. "दबकून बसलो, त्यावरच तर तुमचं दुकान चाललं."

दारात उभा असलेला रूपेश पुढे आला. "अवंती, चल. तिकीट रद्द करतो."

"आधी माझा पासपोर्ट माझ्या हातात दे," अवंती म्हणाली. "राहायचं की जायचं, ते आता मी ठरवीन."

बायांनो, गोष्ट सांगणारी मी तुम्हाला सरळच सांगते. विभामाता उद्या दुसरं नाव घेऊन दुसऱ्या गावी उभी राहील. तिच्या बाटलीत काय आहे, हे शोधायला एक नाक पुरतं. पण तिनं तूप वाटलं तेव्हा एकीला वगळलं, आणि तुमच्यापैकी एकीनंही 'हिला का नाही?' असं विचारलं नाही. तेवढा एक प्रश्न त्या गुरुवारी कुणी विचारला असता, तर चमत्कार तिथंच मेला असता. चमत्कार दिसला की हात जोडू नका. हात मोकळे ठेवा, हुंगा, विचारा, पुन्हा करून बघा. आणि कुणी जळतंय म्हणालं, तर आधी पाणी द्या.

विभामाता गेल्या. मग श्यामला उठली, ओट्यावरून तुपाचा डबा उचलून अवंतीसमोर आली आणि मान खाली घालून तो तिच्यापुढे धरला.

अवंतीनं पट्ट्या बांधलेले हात मागे घेतले. "हाताला नको, वहिनी. शर्विलच्या भातावर घाला. चमच्यानं भरवते मी."