न दुखलेले पाच दिवस

ताईला इंजेक्शन मी टोचतो. पोटाची कातडी चिमटीत धरायची, सुई आत घालायची, दट्ट्या हळू दाबायचा, दहा मोजायचे. केमोनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी खलास होतात, त्या पुन्हा वाढाव्यात म्हणून दर केमोनंतर रोज एक अशी पाच इंजेक्शनं. दवाखान्यात नर्सबाईंनी एकदा दाखवलं आणि म्हणाल्या, तुम्ही मेकॅनिक, तुम्हाला काय अवघड आहे. बावीस वर्षं फ्रिज दुरुस्त करतोय मी. फ्रिज कण्हत नाही.

पहिल्या वेळी तिसऱ्या दिवशी दुखणं सुरू झालं. त्या पेशी हाडांच्या आत तयार होतात, म्हणून दुखतंही तिथंच. आधी कंबर, मग मांड्या, मग छातीचं मधलं हाड. ताई पडदे शिवते, ऑफिसांचे, जाडजूड. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. एकदा मशीनची सुई तिच्या बोटातून आरपार गेली, तेव्हा तिनं सुई उपसून आधी कापडावर रक्त सांडलं का ते पाहिलं होतं. ती बाई पलंगाशी गुडघे टेकून, तोंड गादीत खुपसून राहिली. बसवत नव्हतं, झोपवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं. म्हणाली, "बारक्या, हाड आतून मोठं होतंय रे, आणि वरचं माप तेच आहे."

मी काय केलं? शेकायची पिशवी आणली, ती नको म्हणाली. पाय चेपायला गेलो तर पाय ओढून घेतला. चेपायचं तरी काय, दुखणारी जागा हाताला लागतच नव्हती. दुखण्यावरची गोळी द्यायची तर आधी ताप मोजायचा, कारण गोळीनं ताप झाकला जातो आणि या दिवसांत ताप म्हणजे थेट दवाखाना. म्हणजे माणूस तळमळतोय आणि आपण थर्मामीटर लावून घड्याळाकडे बघत उभे. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, दुखतंय ना, चांगलं आहे, औषध लागू पडतंय. दुसऱ्याच्या हाडाला चांगलं म्हणायला काय जातं? समोरच्या काकू आल्या आणि मन प्रसन्न ठेवा म्हणाल्या. मी त्यांना दार दाखवलं. राग त्यांच्यावर नव्हता, पण हाताशी त्याच होत्या.

दुसऱ्या वेळी नर्सबाईंनी सर्दीची, ॲलर्जीची असते ती साधी गोळी सुचवली. काही जणांची हाडं तिनं कमी दुखतात म्हणे. ताई म्हणाली, हाडांना पडसं झालंय वाटतं. गोळी चालू केली. पाच इंजेक्शनं झाली आणि दुखलंच नाही. तिसरा दिवस गेला, चौथा गेला, पाचवा गेला, ताई मशीनवर बसून पडदे शिवतेय. मी खुळावलो. दवाखान्यात जाऊन नर्सबाईंचे हात धरून आभार मानून आलो. त्या म्हणाल्या, आता बाकीच्यांनाही छातीठोकपणे सांगते. हे घरी येऊन सांगितलं तर ताई सुईत दोरा ओवत राहिली. वर बघितलंसुद्धा नाही.

पुढच्या तपासणीत पेशी तळाला गेलेल्या. केमो पुढे ढकलली. डॉक्टर म्हणाले, एकदा ठीक आहे, पण असं वारंवार झालं तर मधल्या काळात गाठ डोकं वर काढेल. मग माझ्याकडे बघून विचारलं, इंजेक्शनं थंड ठेवता ना नीट? मला झोंबलं. हे मला विचारतात?

घरी येऊन कामावरचा थर्मामीटर फ्रिजमध्ये ठेवला आणि दिवसभर दर तासाला पाहिला. चार अंश. फ्रिज चोख होता. मग रिकाम्या डब्या काढल्या. गार औषध टोचताना जास्त आग होते, म्हणून इंजेक्शन अर्धा तास आधी बाहेर काढून, डबीतून सोडवून माझ्या हातात द्यायचं काम ताईचं, त्यामुळे डबी मी कधी नीट पाहिलीच नव्हती. पाचही डब्यांच्या तळाला काळा, तेलकट डाग. तो डाग मी आयुष्यभर हातांवरून घासून काढतोय. फ्रिजच्या मागे खाली कॉम्प्रेसर असतो, मडक्याएवढा, त्यावर धूळ आणि तेलाची अशी कीट चढते. फ्रिज आतली ऊब उपसतो आणि मागे फेकतो. चालू कॉम्प्रेसरवर हात टेकवत नाही.

मी डब्या मशीनवर तिच्यासमोर मांडल्या. तिनं पाय थांबवला.

"तूच शिकवलंस," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी फ्रिजसमोर उभं करून भाषण दिलंस. ऊब लागली की औषध मेलं."

"मग फेकून द्यायचीस. मला कशाला टोचायला लावलंस?"

"फेकली असती तर तुला कळलं असतं." आणि डब्या बाजूला सारत म्हणाली, "पाच दिवस नीट जेवलास तू."

मी तोंडाला येईल ते बोललो. बेअक्कल म्हटलं, आणि ज्या बाईनं माझी शाळेची फी भरली तिला मी विचारलं की तुला मरायचंय का.

"मरायचं असतं तर केमो घेतली असती का? केमोला मी कधी नाही म्हटलं? मला मरायचं नाही आणि ते दुखणंही नको. दोन्ही नको म्हणणाऱ्या माणसानं जायचं कुठं, सांग."

मी डब्या गोळा केल्या आणि पिशवीत टाकल्या.

दवाखान्यात मी खोटं बोललो. म्हटलं, आमच्याच फ्रिजचा थर्मोस्टॅट गेला होता, औषध तापलं. डॉक्टर हसले. दिव्याखाली अंधार, म्हणाले. बावीस वर्षांची अब्रू मी तिथं टेबलावर ठेवली आणि मान डोलावली. नर्सबाईंनी विचारलं, मग ती गोळी? मी म्हटलं, गोळीचं कुणाला सांगू नका. त्यांनी तोवर तिघांना सांगितलं होतं.

नवीन पाच इंजेक्शनं मिळाली. यानंतर पेशी वर आल्या तरच केमो होणार होती. ती मी घरी नेली नाहीत. दुकानातल्या फ्रिजमध्ये ठेवली आणि रोज एक बर्फाच्या डब्यातून घरी न्यायला लागलो. पहिल्या दिवशी ताईनं फ्रिज उघडून रिकामा कप्पा पाहिला. सदरा वर केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मी दुखण्याची वाट बघायला लागलो. हे वाक्य वाचून कुणाला मी राक्षस वाटलो तर वाटू दे. दुसऱ्या दिवशी काही नाही. विचारलं तर म्हणाली, बरी आहे. तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या फ्रिजमध्ये गॅस भरत होतो, ते उरकलं, पुढचं काम सोडलं, दुकानातून इंजेक्शन घेतलं आणि भर दुपारी घरी आलो. मशीनचा आवाज जिन्यातच ऐकू आला. खडखडखड, एकसारखा. ती शिवतेय. ती बरी आहे. हेही औषध मेलेलं निघालं, माझ्या हातात असताना.

दार उघडलं तोवर मशीन थांबलं होतं. ताईचे दोन्ही हात मशीनवर, कपाळ पडद्याच्या गठ्ठ्यावर.

"कंबर," ती म्हणाली. "सकाळपासून. आता मांड्याही."

तिथंच उंबऱ्यावर बसलो आणि तोंडातून मोठ्यानं उसासा सुटला. सुटायला नको होता. तिनं मान तेवढी वळवली.

"सुटलास?"

मी नाही म्हणायला हवं होतं. उठून जवळ गेलो, तर ती म्हणाली, हात लावू नकोस. मग मी हात मागे घेऊन उभा राहिलो. तिची पाठ आतून कुणी पिळत असल्यासारखी आखडत होती आणि सैल होत होती. दोन्ही दिसत होतं, काहीच थांबवता येत नव्हतं.

"आजचं आणलंस?" तिनं विचारलं.

"आणलंय. अजून गार आहे. अर्धा तास थांब."

"आत्ताच टोच. अर्ध्या तासानं मला सरळ होता येणार नाही."

मी हात धुवायला आत गेलो.