हलकीची पहिली चिठ्ठी

त्या घरात ‘छान’ या शब्दाला बंदी होती. जेवणाला, नव्या पडद्यांना, शेजारणीच्या बाळाला हवं तितक्या वेळा छान म्हणा, कोणी अडवणार नाही. पण बियरला म्हटलं की नाना डोळे वटारत. “छान ही काही चव नाही. ज्याला सांगता येत नाही त्याची ती पळवाट.” नानांचे केस बियर करण्यातच पांढरे झाले होते, तेव्हा त्यांच्यापुढे बोलायची कोणाची टाप नव्हती. त्यांच्या मुलाची तर मुळीच नाही. तो पिंपांची गाडी चालवायचा आणि त्याच्या जिभेला गरम आणि गार एवढ्या दोनच चवी कळायच्या.

जीभ होती ती सुनेला. लग्नाआधी ती बेकरीत कामाला होती, त्यामुळे खमिराशी तिची जुनी ओळख. लग्न होऊन आली आणि आठवड्याभरात घरामागच्या लांबट शेडमध्ये, तीन टाक्यांच्या मधोमध, बाह्या सरसावून उभी राहिली. नानांनी हातचं काही राखलं नाही. धान्य किती गरम पाण्यात भिजवायचं, हॉप्सची हिरवी फुलं उकळत्या रसात लवकर टाकली तर कडवटपणा कसा उतरतो आणि शेवटी टाकली तर नुसता वास कसा राहतो, टाकीत जाईल ते भिंतीवरच्या पाटीवर कसं मांडायचं, सगळं शिकवलं. कौतुकाचं म्हणाल तर सहा वर्षांत अवाक्षर नाही. फार खूश झाले तर म्हणायचे, “वाया नाही गेली.”

आणि चिठ्ठीची पद्धत तर दगडावरची रेघ. टाकी तयार झाली की सकाळी दहाला, चहाच्या आधी, नाना एक ग्लास घेऊन खिडकीपाशी बसत. उजेडात रंग बघायचा, ग्लासात नाक खुपसायचं आणि तीन घोट घ्यायचे. चौथा नाही. उरलेली बियर सरळ मोरीत. “चव घेणारा पीत नाही,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मग एका कागदावर तीन ओळी: नाक, जीभ, नंतर. ‘नंतर’ म्हणजे घोट गिळल्यावर तोंडात काय उरलं ते. हा कागद थंड खोलीच्या दारावरच्या खिळ्याला अडकला की मगच पिंपं गाडीत चढायची. आणि नानांचेच शब्द मुलगा पुठ्ठ्याच्या कार्डांवर उतरवायचा, ती कार्डं दुकानांत बियरच्या नळाला लटकायची. लोक कार्ड वाचून घोट घेत आणि माना डोलवत.

इतकी वर्षं त्या खिळ्याला एकाच बियरची चिठ्ठी लागत आली होती. तिचं नाव काळी. जाड, गोडसर आणि अंगात भिनणारी. पुढच्या खोलीतल्या लांब टेबलाशी बसून दोन ग्लास घेतले की माणूस एक तर भांडायला उठायचा, नाही तर झोपायला. सुनेने सहा वर्षं ते पाहिलं. गप्पा रंगात यायच्या आणि तेवढ्यात बोलणाऱ्याची जीभ जड व्हायची. नानांचा जुना मित्र, घड्याळजी, तर हल्ली यायचाच बंद झाला होता. वयाने त्याला काळी झेपत नव्हती आणि नुसतं बसायला त्याला लाज वाटायची.

तेव्हा तिने हलकी करायचं ठरवलं. साडेतीन टक्के अल्कोहोलची, पेंढ्याच्या रंगाची, अंगाने सडपातळ आणि हॉप्सच्या वासाने भरलेली. तीन-चार ग्लास झाले तरी घरचा रस्ता आठवेल आणि बोलणं चालू राहील अशी.

“बियर दाखवून आणलेलं पाणी,” नाना म्हणाले. “धड हे नाही, धड ते नाही.” पण नको म्हणाले नाहीत. तिला तेवढं पुरे होतं. काळी तिने कितीही जीव ओतून केली तरी ती नानांचीच राहायची. ही तिची होती, आणि हिची चिठ्ठी नाना काय लिहितात याची ती दिवस मोजून वाट बघत होती.

चिठ्ठीच्या दिवशी नाना खिडकीपाशी बसले नाहीत. वारा येतो म्हणाले आणि भिंतीवरच्या पाटीसमोर खुर्ची ओढली. तीन घोट घेतले, बराच वेळ लिहिलं आणि कागद खिळ्याला अडकवून घरात निघून गेले.

सुनेने चिठ्ठी वाचली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘नाक: संत्र्याची साल, नखाने नुकती सोललेली. मागून पाइनची ओली पालवी. जीभ: हलकी, पण पोकळ नाही. कडवटपणा पुढच्या दातांमागे सुरू होतो, टोचत नाही, पण थोडा लवकर उठून जातो. नंतर: स्वच्छ. घराला शोभेल.’

घराला शोभेल! काळीच्या एकाही चिठ्ठीत असलं काही नव्हतं. नवऱ्याने चिठ्ठी दोनदा वाचली आणि तिला पिंपांमध्येच गर्रकन फिरवलं. “आता बोल! म्हातारा विरघळला की! चारला गाडी काढतो. तोवर कार्डं लिहून टाकतो.”

तो कार्डं आणायला गेला तसा तिने स्वतःसाठी एक ग्लास भरला. तिला नानांच्या शब्दांचं बोट धरून आपलीच बियर पुन्हा एकदा प्यायची होती. संत्र्याची साल, तिने मनात म्हटलं आणि वास घेतला. खरबूज. खरबुजाची सालीकडची फोड आणि ओलं गवत. तिने ग्लास फिरवला, पुन्हा नाक घातलं. संत्रं औषधालाही नव्हतं.

आपलंच चुकत असेल, असं तिला आधी वाटलं. नानांचं नाक म्हणजे नाक. काळीच्या टाकीत कोणी लिंबाचा हात बुडवला तरी त्यांना दुसऱ्या दिवशी कळे. मग तिची नजर पाटीवर गेली. पाटीवर तिच्याच अक्षरात बेत लिहिलेला होता. हॉप्ससमोर लिहिलं होतं: संत्री आणि पाइनच्या वासाचे. पण बियर उकळली त्या दिवशी ते पोतं उघडलं तर जुनं निघालं, जुन्या चीजचा वास मारत होतं. नवरा गाडीवर, नाना डोळे तपासायला गेलेले. तिने ते पोतं फेकलं आणि कपाटातले दुसरे हॉप्स घातले, खरबुजाच्या वासाचे. पाटी पुसून नव्याने लिहायचं मात्र राहून गेलं, आणि आज कौतुकाच्या भरात तिला स्वतःलाही त्याचा विसर पडला होता.

म्हणजे नानांनी बियरचा वास घेऊन लिहिलं नव्हतं. पाटी वाचून लिहिलं होतं.

आणि मग सगळंच ओळीने आठवायला लागलं. हिवाळ्यात नाना तापाने पंधरा दिवस पडून होते. त्यानंतर ते जेवताना मीठ मागायला लागले. गेल्या आठवड्यात दूध करपून स्वयंपाकघरात धूर झाला, तेव्हा नाना चार पावलांवर पेपर वाचत बसले होते. “डुलकी लागली,” म्हणाले होते. ती त्यांना लटकं रागावलीसुद्धा होती.

तिला दोन गोष्टी एकदम लागल्या. सहा वर्षांनी मिळालेलं कौतुक तिच्या बियरचं नव्हतंच, आणि नानांचं नाक गेलं होतं. पहिल्या गोष्टीचं रडू आलं तेव्हा तिला स्वतःची लाज वाटली, कारण दुसरी किती मोठी होती!

चिठ्ठी तशीच ठेवावी तर संध्याकाळी दुकानांत लोक कार्ड वाचणार, खरबूज पिणार आणि नानांना हसणार. गुपचूप बदलावी तर नाना ती दारावर बघणारच. त्यांच्यापुढे दोन ग्लास ठेवून परीक्षा घ्यावी, असाही एक विचार तिच्या मनात येऊन गेला. तो तिने झटकून टाकला. गुरूची असली परीक्षा घेऊन कोणाचं भलं झालंय?

तिने चिठ्ठी काढली, दोन ग्लास भरले आणि घरात गेली. नाना पलंगाच्या कडेला बसून मोजे घालत होते.

“नाना, माझ्या हातून एक चूक झाली,” ती म्हणाली. “ते संत्र्याचे हॉप्स खराब निघाले होते. मी दुसरेच घातले. पाटीवर लिहायचं राहिलं.”

नानांचा हात मोज्यातच थांबला.

“पाटीवर लिहायचं राहिलं,” ते म्हणाले. “पोरी, चूक तुझी आहे होय?”

“नियम तुमचाच आहे ना. टाकीत गेलं ते पाटीवर गेलं पाहिजे.”

नाना हसायला गेले, पण ते जमलं नाही. “त्या तापापासून. आधी वाटलं, सर्दी आहे, जाईल. काळीचं काय, तिची चिठ्ठी मी झोपेतही लिहीन. पण तुझ्या हिच्याशी माझी ओळखच नव्हती गं. ग्लासात नाक घातलं तर जसं काही पाणीच. आता ‘वास नाही’ असं खरं लिहिलं असतं, तर दोष तुझ्या बियरच्या माथी आला असता.”

“म्हणून माझ्यासाठी खोटं लिहिलंत?”

“अर्धं तुझ्यासाठी.” त्यांनी मोजा ओढून पुरा केला. “अर्धं माझ्यासाठी. खिळ्याला लावायला काही नसेल, तर सकाळी दहाला उठून मी शेडमध्ये जाऊ कशाला?”

ती त्यांच्याजवळ बसली. पलंग करकरला. तिला फार वाईट वाटत होतं आणि तितकीच मायाही वाटत होती, पण ती एकदम ताठ झाली ती भलत्याच मुद्द्यावर.

“नाना, ‘कडवटपणा थोडा लवकर उठून जातो’, हे कुठल्या पाटीवर होतं?”

“ते कुठल्या पाटीवर असणार? ते जिभेवर होतं.”

“आणि ‘हलकी, पण पोकळ नाही’?”

“तेही.” ते जरा सावरून बसले. “नाक गेलंय, जीभ आहे. कडू, गोड, आंबट कळतं. बुडबुडे बारीक आहेत की ढोबळ, कळतं. तुझे जरा बारीक आहेत. म्हणून ती अंगाने सडपातळ असून लुकडी लागत नाही.”

“मग नाक माझं आणि जीभ तुमची,” ती म्हणाली आणि एक ग्लास त्यांच्या हातात दिला. “घ्या. मी सांगते.”

नानांनी डोळे मिटले. घोट घेतला.

“काय छान वास—”

“छान?” नाना डोळे मिटूनच खेकसले. तिला हसूही आलं आणि हायसंही वाटलं.

“खरबूज.”

“कच्चं की पिकलेलं?”

“पिकलेलं. पण सालीकडचं.”

“कापून किती वेळ झालाय?”

“नाना!”

“विचारतोय ते सांग.”

तिने पुन्हा वास घेतला. “आत्ताच कापलंय. सुरी अजून ओली आहे. आणि गवत. रात्री पाणी घातलेलं, सकाळी कापलेलं.”

“ऊन पडलंय त्याच्यावर?”

“अजून नाही.”

“हं.” त्यांनी आणखी एक घोट घेतला, मग आणखी एक. गवतावर ऊन कधी पडेल याची जणू ते वाट बघत होते. त्या तेवढ्या वेळात त्यांच्या कपाळावरच्या आठ्या उतरत गेल्या. तिने नवा कागद मांडीवर घेतला. ‘नाक’ तिने तिच्या अक्षरात लिहिलं. ‘जीभ’ त्यांनी त्यांच्या वाकड्या अक्षरात, आणि ‘लवकर उठून जातो’च्या खाली मुद्दाम रेघ ओढली. पुढच्या खेपेला हॉप्स पाच मिनिटं आधी टाक म्हणाले. तिने मान हलवली.

“आता ‘नंतर’,” ती म्हणाली. “नंतर काय उरतं तोंडात?”

नाना विचारात पडले. बाहेर नवऱ्याने गाडीचं मागचं दार उघडल्याचा आवाज आला. “सांगता येत नाही,” ते म्हणाले. त्यांनी हातातल्या ग्लासाकडे पाहिलं, तेव्हा कुठे तिचंही लक्ष गेलं. ग्लास रिकामा होता. तळाशी फेसाची एक कड तेवढी उरली होती. इतक्या वर्षांत तीन घोटांपुढे न गेलेला माणूस!

नानांनी काहीच झालं नाही असा चेहरा केला आणि ग्लास तिच्यापुढे धरला.

“अजून थोडी ओत. आणि त्या घड्याळजीला निरोप धाड, संध्याकाळी ये म्हणावं.”

तिने आपल्या ग्लासातली अर्धी त्यांच्या ग्लासात ओतली. मग मांडीवरचा कागद उचलून तिसऱ्या ओळीत लिहिलं: ‘नंतर: नानांनी दुसरा ग्लास मागितला.’ आणि ओल्या शाईनिशी तो कागद घेऊन ती खिळ्याकडे निघाली.