आईच्या नावाची पट्टी

गोधडीच्या मागच्या कोपऱ्याला शिवतात ना, ती नावाची पट्टी मी बोलतेय. गोधडी अंगावर ओढताना माझ्याकडे कुणी बघत नाही. माझ्या वाट्याला बहुतेक वेळा माणसांची पावलेच येतात. पण ही गोधडी कुणी केली, असे कुणी विचारलेच, तर उत्तर माझ्याकडे असते.

माझा जन्म मांजरपाटाच्या तुकड्यातून झाला. ते जाडेभरडे कापड आधी गरम पाण्यात भिजवून त्याची खळ काढली, वाळवले, इस्त्री केली. मग कात्री न लावता टरकन फाडले. फाडलेले कापड दोऱ्याच्या रेषेत सरळ जाते, कात्रीचा काही भरवसा नाही. जिने हे सगळे केले तिला मी आईच म्हणते. तिने गडद निळ्या दोऱ्याने साखळी टाक्यात माझ्यावर स्वतःचे नाव भरले आणि त्याखाली बारीक अक्षरांत भरले, 'हातांनी शिवली'. माझ्या कडा आत दुमडल्या आणि मला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून दिले. तिथे माझ्या पुष्कळ बहिणी आधीच पडून होत्या. हातात गोधडी नसली की आई पट्ट्या करून ठेवायची.

"एवढ्या पट्ट्या? तेवढ्या गोधड्या व्हायला दोन जन्म लागतील," तिची लेक म्हणायची.

"एक माझा, एक तुझा," आई म्हणायची.

लेक मोठी होती, पण तिचा हात अजून बसला नव्हता. आई तिला चौकोन जोडू द्यायची, कडेला धावदोरा घालू द्यायची. पट्टी मात्र कधी लावू दिली नाही. ती आई स्वतः लावायची, आणि तीही सगळ्यात शेवटी. आधी गोधडी खाटेवर पसरायची, डोळे मिटायची आणि तळहात फिरवायची. वरून झाले की उलटी करून खालून. कुठे कापूस गोळा झालेला, कुठे टाका सैल पडलेला लागला, की तेवढा भाग उसवायची. पट्टी पुन्हा डब्यात जायची.

गोधड्या कोपऱ्यावरच्या दुकानात जात. दुकानाच्या मालकीणबाईंना सगळी गल्ली काकू म्हणायची, त्यांच्याहून मोठी माणसेसुद्धा.

"अहो, गिऱ्हाईक काय डोळे मिटून गाठी मोजतं का?" काकू एकदा वैतागून म्हणाल्या.

"झोपताना सगळेच डोळे मिटतात, काकू."

"तुमच्यापुढे बोलायची सोय नाही."

"माझ्याकडे दागिना नाही, घर भाड्याचं. नाव आहे, तेवढं धड राहू दे," आई म्हणाली, आणि पुन्हा उसवायला बसली.

एका सकाळी आईच्या हातातली कपबशी खाली पडली. ती उचलायला वाकली आणि तीही पडली. दवाखान्यातून परत आली तेव्हा तिचा उजवा हात मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा होता. तोंड एका बाजूला ओढले गेले होते. शब्द यायचे, पण ओले होऊन, जड होऊन.

काकू भेटायला आल्या. आईच्या कपाळावरून हात फिरवला, डोळे पुसले. मग लेकीला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. माझा डबा तिथेच फळीवर होता, म्हणून सगळे ऐकले.

"तिच्या गोधड्या लोक अजून मागतायत. मी कारखान्यातून मागवल्यात. मशीनच्या आहेत, पण दिसायला डिट्टो. तू फक्त पट्टी लावायची."

"पण त्या आईच्या नाहीत."

"नाव तर आईचंच आहे ना? मी का खोटं छापून आणलंय? तिनं स्वतः भरलंय."

"तिला कळलं तर?"

"खाटेवरून तिला दुकान दिसतं का?" काकूंनी आवाज मऊ केला. "हे बघ बाळा, औषधं कुणी आणायची? मी की तू?"

दुसऱ्या दिवशी गोधड्यांचा गठ्ठा मागच्या दाराने घरात आला.

ती स्वयंपाकघराचे दार लोटून घ्यायची आणि खाली बसून पट्ट्या लावायची. टाके लांब लांब आणि घाईचे. कोपरे तेवढे घट्ट धरायची.

"काय शिवतेस गं?" बाहेरून आईचा आवाज यायचा.

"उशीचे अभ्रे."

"एवढे? घरात उशा दोन."

"शेजारच्यांचे आहेत, आई. तू पड ना जरा."

डबा रिकामा होत गेला. तळाशी उरले तेव्हा मला माझी पाळी येण्याची भीती वाटू लागली. शेवटी लेकीने मला उचलले आणि लाल-पिवळ्या चौकोनांच्या एका गोधडीला लावून टाकले. दिसायला ती खरेच छान होती. पण तिच्यावरून कुणाचा तळहात फिरला नव्हता. शिलाईच्या ओळी इतक्या लांब लांब होत्या, की आतला कापूस नुसता सरकवून ठेवल्यासारखा होता. मला ते पहिल्या दिवसापासून जाणवत होते. सांगणार कशी? माझ्या अंगावर नाव होते, तोंड नव्हते.

आम्हा दोघींना दुकानातून एका तिकीट खिडकीवर बसणाऱ्या बाईंनी नेले. दिवसभर काचेआडून बोलून त्यांचा आवाज कायमचा मोठा झाला होता. घरी त्यांचे म्हातारे वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांनी चष्मा लावून मला वाचले. असे कुणी करत नाही.

"हातांनी शिवली म्हणे. बरं वाटतं गं. कुणाचे तरी हात लागलेत," ते म्हणाले.

पहिल्याच धुण्यात कापूस सगळा पायथ्याशी घसरला. त्यांच्या छातीवर उरली नुसती दोन फडकी. थंडीचे दिवस होते. म्हाताऱ्याने तक्रार केली नाही. त्यांना वाटले, आपलेच रक्त आटले आहे. "वय झालं की थंडी जास्तच वाजते," असे म्हणून ते गोधडी गळ्यापर्यंत ओढायचे. ओढली की पाय उघडे पडायचे, आणि ऊब तर पायाशीच होती. मग खोकला सुरू झाला.

एका सकाळी बाईंना ते अंगावर कोट घालून झोपलेले दिसले. त्यांनी गोधडी उचलून खिडकीसमोर धरली. मधल्या चौकोनांतून सरळ पलीकडचा उजेड दिसला. मग त्यांनी मला शोधून माझ्यावरचे नाव मोठ्याने वाचले. "ही बघा ही बाई! हातांनी म्हणे! हात झिजले असते का हिचे आणखी चार टाके घातले तर?" ते नाव कुणी असे उच्चारलेले मी पहिल्यांदाच ऐकत होते.

दुकानात काकूंनी हात वर केले. "मी नुसती विकते, ताई. नाव वाचा की. पुढच्याच गल्लीत घर आहे, जाऊन विचारा."

त्या आल्याच. दार लेकीने उघडले आणि बाईंच्या काखेतली गोधडी बघून तिथेच थिजली. बाई तिला ओलांडून आत गेल्या आणि त्यांनी गोधडी आईच्या खाटेवर पसरली.

"ही तुमची ना? माझे बाबा थंडीनं कुडकुडतायत. लोकांना काय समजता तुम्ही?"

आईने डोळे मिटले. डावा हात हळूहळू गोधडीवरून फिरला. छातीकडच्या पोकळ चौकोनांवरून, पायथ्याच्या ढेकळांवरून. मग बोटे माझ्यापाशी आली. नावावर थांबली, तिथून कडेच्या टाक्यांवर गेली. नाव तिचे होते, टाके तिचे नव्हते. ते कुणाचे, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

तिने डोळे उघडून दाराकडे पाहिले. लेकीने चौकट धरून ठेवली होती.

"बोला की! तुमचीच ना?"

आईने नुसते 'माझी नाही' म्हणायचे होते. नाव धड राहिले असते. पण मग बाईंनी वळून दारातल्या पोरीकडे पाहिले असते.

"माझीच," आई म्हणाली. "चुकलं माझं. ठेवून जा. नीट करून देते."

बाईंचे लक्ष तेव्हा कुठे तिच्या उजव्या हाताकडे गेले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच उतरला. "लवकर करा हो. त्यांना सोसत नाही."

त्या गेल्यावर लेक रडू लागली. "आई, काकू म्हणाल्या..."

"डबा आण."

लेकीने डबा आणून दिला. आईने तो मांडीवर उपडा केला. काहीच पडले नाही.

"म्हणजे एवढ्या घरांत," आई थांबत थांबत म्हणाली, "मी लोकांना थंडीत ठेवलंय."

मग काम सुरू झाले. सगळ्यात आधी मला उसवून खिडकीत ठेवले. गोधडी पूर्ण उघडली, कापूस पिंजून पुन्हा पसरला. लेक धावदोरा घालायची, आई डाव्या तळहाताने तपासायची. "इथे. पुन्हा." लेक निमूटपणे उसवायची. एकही टाका लांब पडू दिला नाही, म्हणून दिवस लागले. झाल्यावर गोधडी इतकी चांगली झाली होती, की आईच्या वाकड्या तोंडावर हसू आल्यासारखे वाटले.

लेक ती घेऊन गेली आणि जशीच्या तशी परत घेऊन आली.

"काय म्हणाल्या?"

"त्यांचे बाबा गेले."

"कधी?"

"आपण शिवत होतो तेव्हा."

गोधडी घडी करून खाटेच्या पायथ्याशी ठेवली. ती कुणी पांघरत नाही.

काकू परत आल्या होत्या. पट्ट्या संपल्या तर लेकीनेच आईचे नाव भरून द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. लेक दारातूनच "नाही" म्हणाली. "मग औषधांचं काय?" असे त्यांनी विचारले. लेकीने दार लावून घेतले. आता घरात औषधाच्या बाटल्या कमी दिसतात, आणि आई जास्त वेळ भिंतीकडे तोंड करून पडते.

मी अजून खिडकीतच आहे. उन्हाने माझा निळा दोरा विटत चालला आहे, कडांना सुईची भोके आहेत. लेक मला डब्यात ठेवायला निघाली, तर आईने नको म्हणून मान हलवली.

पण माझ्या बहिणी बाहेर आहेत, कुणाकुणाच्या पायांशी. तुमच्या गोधडीतला कापूस एका बाजूला गेला असेल आणि कोपऱ्यावर निळ्या दोऱ्यातले नाव असेल, तर शिव्या घालण्याआधी कात्री घ्या. टाके सैल आहेत, एक कापला की बाकीचे ओढताच निघतील. गोधडी ठेवा नाहीतर फेकून द्या, ती तुमची आहे. ते नाव तेवढे तिच्यावरून काढा. ज्या बाईचे ते आहे, ती अजून जिवंत आहे.