पुष्पाबाईंचा उपास

पूनमने चहाचा कप पुढे केला तो भलतीकडेच. अन्नपूर्णाबाईंच्या हाताऐवजी चहा सतरंजीवर सांडला. मुलाची आई असूनही त्या "असू द्या, असू द्या" म्हणाल्या. पुष्पाबाईंनी मात्र ओळखलं. लेक घाबरलेली नव्हती. तिला समोरचा हातच दिसला नव्हता.

फडकं आणायच्या निमित्ताने त्यांनी तिला स्वयंपाकघरात ओढलं.

"सुरू झालं काय वं?"

"हाव. उजेडाची नागमोडी रेघ फिरून राह्यली. आई, तुयं अर्धं तोंड दिसत नाही मले."

अर्धशिशी! मेलीला आजचाच मुहूर्त सापडला. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी पूनमला कागदावर मेंदू काढून समजावलं होतं. मागच्या भागात एक लाट उठते आणि मिनिटाला दोन-तीन मिलिमीटर पुढे सरकते. तिच्या वाटेतल्या पेशी आधी चेकाळतात, मग गप्प पडतात. म्हणून आधी उजेड, मग आंधळा डाग. मागाहून मेंदूच्या आवरणातल्या नसा खवळतात आणि ठणका लागतो. "घरात आणखी कुणाला आहे?" असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा पूनमने आईकडे पाहिलं होतं आणि पुष्पाबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

म्हणजे हातात फार तर अर्धा तास होता.

पुष्पाबाईंनी स्वतःचं दुखणं चोवीस वर्षं लपवलं होतं. नवी नवरी असताना सासूने "काऊन पडली वं?" म्हणून विचारलं. हिला झटके येतात म्हणून माहेरी धाडतील, या धास्तीने तोंडातून निघून गेलं, "उपास आहे." उजेड सोसत नव्हता आणि घरात बिनखिडकीची खोली एकच, देवघर. दार लावून त्या तिथे पडल्या. तेव्हापासून महिन्यातून दोन-तीनदा तोच उपास, तेच मौन. थेट हिवरा आश्रमापर्यंत त्यांच्या भक्तीचं नाव झालं. नवरा उकंडराव चारचौघांत कौतुक सांगताना थकत नसे. एवढा शहाणा माणूस, पण कधी दार ढकलून पाहिलं नाही त्याने.

देऊळगाव राजाहून हे स्थळ आलं, तेही याच कीर्तीवर.

"सांगून देऊ त्याइले," पूनम म्हणाली. "यात लपवायचं काय?"

"लगन मोडन, पोरी."

"मोडू दे."

दोघी बैठकीत परतल्या. पूनमचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पोरीची तब्येत बरी नाही काय?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

पूनमने ओठ उघडले. पुष्पाबाईंनी फक्त गप्प बसायचं होतं. चोवीस वर्षं त्या तेच तर करत आल्या होत्या.

"उपास आहे तिचा," त्या म्हणाल्या. "आता मौन लागलं."

पूनमचं तोंड मिटलं. अन्नपूर्णाबाईंचे डोळे भरून आले. "आईचंच वळण हाय," म्हणत त्यांनी उकंडरावांना साखरपुड्याची तारीख विचारली.

पुष्पाबाईंनी लेकीला देवघरात निजवलं. दिवा विझवला, कपाळाला ओढणी करकचून बांधली, उशाशी घमेलं ठेवलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून कपड्याचा बोळा तोंडाशी कसा धरायचा, तेही दाखवलं. दार ओढून घेताना पुष्पाबाईंना स्वतःची किळस आली. रडावंसं वाटत होतं, पण घरात दुसरी अंधारी खोली नव्हती.

निघताना अन्नपूर्णाबाई तिथे आल्या आणि बंद दारापुढे वाकून त्यांनी उंबऱ्याला हात लावला. आतून दबलेला, ओकारीचा आवाज आला. त्या कान देऊन ऐकत राहिल्या.

"जप करून राह्यली वाटते," त्या हळूच म्हणाल्या.

"हाव," पुष्पाबाई म्हणाल्या.