डावा हात तुलनेसाठी

"डावा नको. डावा मागे घे," म्हणत प्रयोगकाकांनी काकूंचा हात मनगटाला धरून वाटीपासून दूर केला. वाटीत साखर, तेल आणि ग्लिसरीनचे मोजून वीस थेंब होते.

"अहो, मग चोळू कशी? एका हाताने कधी टाळी वाजते का?"

"मी चोळतो. डावा तुलनेसाठी."

काकूंनी कपाळाला हात लावला, तोही डावाच. मोबाइलवरच्या बाईने तर दोन्ही हात मजेत एकमेकांवर चोळून दाखवले होते. एकवीस दिवसांत हात लोण्यासारखे मऊ, असं ती हसत हसत सांगत होती. एक हात कोरडा ठेवा, असं ती काही कुठे म्हणाली नव्हती. पण प्रयोगकाकांपुढे कोण बोलणार! सगळं घर त्यांच्या तुलनेच्या तडाख्यातून गेलेलं होतं. मागच्या महिन्यात करपलेलं पातेलं सोडा आणि व्हिनेगर घालून उजळायचा उपाय त्यांनी असाच मोबाइलवर पाहिला आणि पातेलं बरोबर अर्धंच घासलं. अर्धं लख्ख, अर्धं काळंकुट्ट. आठ दिवस ते ओट्यावर मिरवत होतं. शेवटी एका दुपारी, ते बाहेर गेलेत असं बघून, काकूंनी ती तुलना घासून टाकली.

प्रयोगकाका हे नाव शाळेतल्या पोरांनी ठेवलेलं. चौतीस वर्षं ते शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. सकाळी वीस टेबलांवर वीस स्टँड, वीस परीक्षानळ्या, वीस स्पिरिटचे दिवे मांडायचे. संध्याकाळी सगळं धुऊन, पुसून, उलटं करून वाळत घालायचं. शिकवायच्या विज्ञानाच्या बाई, प्रयोग करायची मुलं. काकांनी एवढ्या वर्षांत स्वतःचा म्हणून एकही प्रयोग केला नव्हता आणि प्रयोगवहीतला शेवटचा रकाना, 'अनुमान', कधी भरला नव्हता. पण एक गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की बसली होती. एका नळीत औषध घातलं, की शेजारची नळी तशीच ठेवायची. नाहीतर फरक पडला हे कळणार कसं? निवृत्तीच्या दिवशी एक कोरी प्रयोगवही त्यांनी बाईंना विचारून घरी आणली. वर्षभर ती कपाटात पडून होती. मग मुलीने मोबाइल घेऊन दिला आणि वहीचं नशीब उघडलं.

हा प्रयोग मात्र पातेल्याचा नव्हता. मुलीला मुलगी झाली होती आणि तीन आठवड्यांनी ती बाळाला घेऊन महिनाभर राहायला येणार होती. काकू हरखून बाळासाठी लोकरीचं पांघरूण आणायला गेल्या. दुकानात त्यांनी ते हातात घेऊन कुरवाळलं मात्र, लोकर बोटाला अडकली आणि एक लांब धागा ओढला गेला. काकूंनी तेच पांघरूण बांधून घेतलं आणि घरी येईपर्यंत अवाक्षर काढलं नाही. दारात चपला काढताना मात्र त्यांचा बांध फुटला.

"लोकरीचं हे झालं. बाळाच्या गालाचं काय होईल हो?"

काकूंचे हात तसेच होते. एकतीस वर्षं त्यांनी इस्पितळाच्या धुलाईखान्यात काढलेली. उकळत्या पाण्यातल्या चादरी, सोडा, ब्लीचिंगचं पाणी. तळहाताला घट्टे, बोटांच्या पेरांना भेगा. थंडीत त्यांतून रक्त यायचं. नोकरी सुटून तीन वर्षं झाली होती, पण हात अजून नोकरीवरच होते.

आणि या हातांवरून काकांच्या मनात एक सल होता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी शाळेतली चार माणसं घरी चहाला आली होती. काकू कप देत होत्या. काका तेव्हा नवे नवरे, चारचौघांत छाप पाडायची हौस दांडगी. म्हणाले, "आमच्याकडे पॉलिश पेपर विकत आणावा लागत नाही. हिने नुसता हात फिरवला की टेबल गुळगुळीत." सगळे खो खो हसले. काकूही हसल्या. विषय तिथेच संपला, असं काकांना वाटलं.

पुढे दोन वर्षांनी त्यांना सडकून ताप भरला. काकू येता-जाता त्यांच्या कपाळाला हात लावून बघत होत्या आणि तो हात दर वेळी उलटा होता. मागची, मऊ बाजू. तळहात त्यांनी कपाळाला लावलाच नाही. तेव्हा कुठे काकांच्या डोक्यात प्रकाश पडला, की त्या चहापासून आजपर्यंत हिने आपल्या तोंडावरून एकदाही हात फिरवलेला नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण आज बोलू, उद्या बोलू म्हणता म्हणता वर्षं उलटून गेली. हसण्यावारी गेलेल्या गोष्टीची माफी मागायची कशी, हे काही कुठल्या वहीत दिलेलं नसतं. म्हणून मोबाइलवर ती मऊ हातांची बाई दिसल्याबरोबर त्यांनी वही काढली आणि उद्दिष्टाच्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं, 'हात मऊ करणे.'

रोज दुपारी चारला खिडकीपाशी टेबलावर टॉवेल अंथरला जाई. पहिल्या दिवशी काकांनी चोळायला काचेची कांडी घेतली, तर काकूंनी हात मागे ओढला आणि मी काय सरबत आहे ढवळायला, म्हणून विचारलं. मग काका बोटांनी चोळू लागले. मोजमाप म्हणून एक जुना रेशमी रुमाल शोधून काढला होता. तो दोन्ही तळहातांवरून ओढायचा आणि किती जागी अडकला ते लिहायचं. पहिल्या दिवशी दोन्ही हातांना तो इतका अडकला, की काढताना फाटायचाच राहिला. डाव्या हाताने नेहमीसारखीच कामं करायची, असंही फर्मान निघालं. त्यामुळे काकू डाव्या हाताने भांडी घासत आणि उजवा वाहतूक पोलिसासारखा वर धरून उभ्या राहत. भांडं निसटायला लागलं की धरायला काका धावत.

"जन्मभर मी घरात कधी उजवं-डावं केलं नाही," काकू म्हणायच्या, "आणि तुम्ही माझ्याच अंगात भेद करताय."

सहाव्या दिवशी घोळ झाला. मोबाइलवरच्याच दुसऱ्या एका बाईने मिश्रणात लिंबू पिळायला सांगितलं होतं. काकांनी पिळलं आणि चोळायला लागले. काकू खिडकीबाहेर बघत होत्या, तोंडातून हूं की चूं नाही. काकांची नजर सहज खाली गेली, तर त्यांच्या पायाची बोटं आवळलेली. भेगांमध्ये लिंबू! काकांनी हात नळाखाली धरला, पुसला, फुंकर घातली आणि आधी का बोलली नाहीस, म्हणून चिडले. तुमचा प्रयोग बिघडला असता, असं काकूंनी साधेपणाने सांगितलं. काकांना वाटलं, ही तेव्हाही अशीच हसली असणार, आतल्या आत पायाची बोटं आवळून. त्या दिवशी निरीक्षण लिहायचं राहूनच गेलं.

लिंबू बंद झालं, साय आणि मध सुरू झाला. बसल्या बसल्या काकू बोलू लागल्या. काकांना धुलाईखाना बाहेरूनच ठाऊक होता. सुट्टीच्या वेळी फाटकाशी थांबायचं, एवढंच. आता आतलं सगळं येऊ लागलं. वाफ इतकी, की शेजारची बाई आवाजावरून ओळखायची. चादरींच्या घड्या घालताना दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, ताणायची आणि चार पावलं चालत समोरासमोर यायचं. दिवसभर असं पुढे-मागे, पुढे-मागे. गाणी म्हणायच्या, उखाळ्यापाखाळ्या काढायच्या, मुकादम आला की गप्प. काकूंनी उठून टॉवेलची दोन टोकं काकांच्या हातात दिली आणि घडी कशी घालायची ते दाखवलं. काका पहिल्यांदा भलतीकडेच वळले. दोघं बराच वेळ हसत होते.

"बाळंतिणींच्या वॉर्डातले कपडे वेगळे यायचे," काकू एकदा म्हणाल्या. "एवढे एवढे. ते मी एक पाणी जास्त काढायची. हातानेच, यंत्रात नाही. सोडा राहिला तर कोवळ्या अंगाला लागेल ना."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोण सांगणार? माझं मीच."

हातातल्या बोटाच्या पेरावर, सगळ्यात खोल भेग होती तिथे, काकांनी जरा जास्त मध लावला.

बाराव्या दिवशी रुमाल उजव्या हाताला तीनच जागी अडकला. सतराव्या दिवशी एकाच. एकविसाव्या दिवशी तो तळहातावरून सुळकन घसरून खाली पडला. डाव्या हाताला मात्र पहिल्या दिवसाइतकाच अडकला. हातच्या कांकणाला आरसा कशाला! काका इतके खूश झाले, की त्यांनी रुमाल पुन्हा पुन्हा टाकून पाहिला. मधल्या मध्ये त्यांचा स्वतःचाही चोळणारा हात मऊ झाला होता. ही चूक वहीत लिहायला हवी होती, पण त्यांनी ती लपवली. उद्यापासून डावा हात घ्यायचा, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी बाळाला घेऊन आली. डोळे खोल गेलेले, केस कसेतरी बांधलेले. गेल्या तीन दिवसांत मिळून पाच तासही झोप नाही, म्हणाली. काकूंनी खुर्चीत बसून बाळाला मांडीवर घेतलं. डावा हात पांघरुणाखाली दडवला आणि उजव्या हाताने बाळाच्या गालावरून, कपाळावरून, इवल्याशा कानावरून बोटं फिरवली. बाळ झोपेतच राहिलं. काकूंनी काकांकडे पाहिलं.

चार वाजले. काका वाटी आणि टॉवेल घेऊन हजर झाले. हे काय, असं मुलीने विचारताच त्यांनी वही उघडून सगळा प्रयोग सांगितला. रुमाल, पांघरुणाचा धागा, लिंबू, तुलना, सगळं. आता डाव्याची पाळी, म्हणाले. मुलगी वही वाचत राहिली. काकांना वाटलं, आता ही हसणार. पण ती उठली, आईच्या खुर्चीशी सतरंजीवर पालथी पडली आणि पांघरुणाखालचा डावा हात ओढून तिने आपल्या पाठीवर ठेवला.

"फिरव ना, आई."

"अगं, हा नको. हा खरखरीत आहे. थांब, बाळाला बाबांकडे देते, मग उजव्याने…"

"हाच. घामोळ्यांनी मला झोप यायची नाही, तेव्हा हाच फिरवायचीस ना. तिकडे सासरी मी किती जणींना म्हटलं, पाठ खाजव, पाठ खाजव. कोणाला जमत नाही." तिने तोंड सतरंजीत खुपसलं. "बाबा, तो हात तसाच राहू द्या."

काकू हात फिरवू लागल्या. कापडावर तो खर्र, खर्र वाजत होता. पोर पाच मिनिटांत गाढ झोपली.

काका वाटी हातात घेऊन उभेच होते. ही गोष्ट त्यांना ठाऊकच नव्हती. एवढी वर्षं भिंतीपलीकडच्या खोलीत हा हात लेकीच्या पाठीवरून फिरत होता, आणि आपण त्याला पॉलिश पेपर म्हणून मोकळे झालो होतो. पोर बोलली नसती, तर तोही उरला असता का? आज चारला नाही, तर उद्या चारला आपणच तो चोळून चोळून घालवला असता. त्यांनी वाटीवर झाकण ठेवलं. मग सावकाश गुडघे टेकून ते काकूंच्या खुर्चीपाशी खाली बसले.

"तेव्हा चहाच्या वेळी मी जे बोललो," ते हळू आवाजात म्हणाले, "ते बोलायला नको होतं."

एवढ्या वर्षांत हजारो वेळा चहा झाला असेल. कुठल्या चहाच्या वेळी, असं काकूंनी विचारलं नाही.

"फार दिवस लावलेत," त्या म्हणाल्या.

"लावले खरे."

बाळ उजव्या हातावर झोपलं होतं. काकूंनी डावा हात लेकीच्या पाठीवरून अलगद उचलला आणि तळहात काकांच्या गालावर ठेवला. आज सकाळपासून घर आवरण्याच्या गडबडीत काकांची दाढी राहून गेली होती. बारीक खरखर झाली.

"तुमचाच गाल टोचतोय," काकू म्हणाल्या.

फरशीवर काकांचे गुडघे दुखायला लागले होते. ते हलले नाहीत.